बर्फातली मोटार : एका तयारीचा इतिहास

वैशाखाच्या तोंडावर, शिंदखेड्यात अंगाची लाही होत असताना, बर्फात मोटार कशी चालते या विषयावर व्याख्यान ठेवणे हा चिटणीसांचा विनोद असावा असे काही श्रोत्यांना वाटले असेल. विनोद त्यांचा नाही. विषय मी मागून घेतला आहे. आपल्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, एवढीच आपली ओळख. परंतु आपल्या जिल्ह्यातली मुले लष्करात आहेत आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे आपले ड्रायव्हर माल घेऊन थेट काश्मीरपर्यंत जातात. त्यांच्या घरच्यांना बर्फ हा थट्टेचा विषय वाटत नाही. शिवाय या विषयाच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो कामगार चळवळीत मला रोज भेटतो. यंत्राने केलेल्या पराक्रमात माणसाचा वाटा किती, आणि तो शेवटी कोणाच्या नावावर चढतो?

आधी थोडे यंत्राविषयी. मृगाच्या पहिल्या पावसानंतर बुराईच्या काठच्या काळ्या जमिनीत ज्याने ट्रॅक्टर घातला असेल त्याला बर्फ समजावून सांगायला फारसे कष्ट नकोत. एक चाक घसरू लागते, गरगर फिरते, आणि दुसरे, ज्याच्याखाली जरा कठीण जमीन आहे ते, जागच्या जागी उभे राहते. हे असे का होते? मागच्या दोन चाकांच्या मध्ये जी दात्यांची पेटी असते, जिला आपले मिस्त्री 'डिफरन्शिअल' म्हणतात, तिची ती खोड आहे. वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे चाक जलद फिरावे म्हणून ती बसवलेली. पण जे चाक सहज फिरते त्यालाच ती फिरू देते. ज्याला पकड नाही ते चाक वाऱ्यावर फिरते, आणि ज्याला पकड आहे ते बिचारे स्वस्थ बसते. (समाजातही अशा काही पेट्या आहेत; पण तो विषय पुढच्या वर्षी.)

यावर तोड म्हणून पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर द्यायचा. हीच चारही चाकांना ओढ असलेली गाडी, आपल्या बोलण्यातली 'फोर-व्हील'. मागची चाके रुतली तर पुढची ओढतात, पुढची अडली तर मागची ढकलतात. लोकांची समजूत अशी की अशी गाडी घेतली म्हणजे बर्फ जिंकला. ती समजूत खोटी आहे. पेटी दोन्हीकडे तीच असते. पुढचे एक आणि मागचे एक, अशी दोन चाके एकाच वेळी घसरली की चारही चाकांची ऐट संपते. आणि ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतोच. तेव्हा थांबण्याच्या कामी फोर-व्हील गाडीला दुसरीपेक्षा काडीचाही जास्त आधार नाही. घाटात चढताना ती ड्रायव्हरला धीर देते, आणि त्याच धिराच्या भरात तो उतारावर दरीत जातो. म्हणून गाडीपेक्षा तिची तयारी मोठी. त्या तयारीचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही, कारण ती रात्री होते, पाठीवर निजून होते, आणि करणाऱ्याचे हात काळे असतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हॅरी वीड नावाच्या गृहस्थाने १९०४ साली चाकांवर चढवायच्या साखळीचे पेटंट घेतले. चिखलात आणि बर्फात मोटारवाले आपल्या चाकांना दोर गुंडाळतात हे पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. दोराच्या जागी त्याने लोखंडी कड्या आणल्या. म्हणजे मूळ युक्ती गाडीवानांची आणि पेटंट वीडसाहेबांचे. त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. कडी त्यांनी चांगली बसवली, आणि सव्वाशे वर्षे होत आली तरी साखळीला तोडीस तोड दुसरे साधन निघालेले नाही.

मोटार बर्फावर नेण्याचा पहिला मोठा हट्ट धरला तो दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या इंग्रज प्रवाशांनी. १९०८ मध्ये शॅकल्टन यांनी अंटार्क्टिकावर एक ॲरोल-जॉन्स्टन मोटार नेली. समुद्रावर गोठलेल्या कठीण बर्फावर ती धावली, पण भुसभुशीत बर्फ लागताच चाके रुतून बसली. त्यावरून धडा घेऊन कॅप्टन स्कॉट यांनी १९१० च्या मोहिमेसाठी चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या करवून घेतल्या. या गाड्यांची कथा मी जरा सविस्तर सांगणार आहे. त्या फोर-व्हील नव्हेत हे मला ठाऊक आहे, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कोठे सापडत नाही.

या गाड्या घडवण्यात रेजिनाल्ड स्केल्टन या नौदलातल्या इंजिनिअरचा मोठा हात होता. ते स्कॉट यांच्या आधीच्या मोहिमेत त्यांच्याबरोबर राहून आलेले, बर्फ पाहिलेले गृहस्थ. नॉर्वेत या गाड्यांच्या चाचण्या झाल्या, मोडतोड झाली, दुरुस्त्या झाल्या, आणि प्रत्येक खिळा कोठे बसतो हे स्केल्टन यांना पाठ झाले. मग मोहीम निघण्याची वेळ आली आणि त्यांना घरी ठेवण्यात आले. कारण काय? स्कॉट यांच्या खालोखाल लेफ्टनंट इव्हान्स हे दुय्यम प्रमुख होते आणि स्केल्टन हुद्द्याने त्यांच्याहून वरचे. आपल्या हाताखाली आपल्याहून मोठा हुद्दा नको, अशी हरकत इव्हान्स यांनी घेतली. ती मानली गेली. गाड्या गेल्या, गाड्या जाणणारा माणूस राहिला.

पुढचे सांगायला वेळ लागत नाही. ८ जानेवारी १९११ रोजी जहाजावरून उतरवताना एक गाडी बर्फ फुटून समुद्राच्या तळाशी गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबरला निघाल्या. त्यांची इंजिने हवेने थंड होणारी. झाले असे की एवढ्या थंडीत मागची सिलिंडरे भलतीच तापत आणि कार्ब्युरेटर मात्र गारठून बसे. थोडे चालायचे, निवेपर्यंत थांबायचे, पुन्हा दिव्याच्या ज्योतीने कार्ब्युरेटर शेकायचा. आठवड्याभरात दोन्ही गाड्यांच्या इंजिनांनी मान टाकली. गाड्यांबरोबर होते स्वतः इव्हान्स, डे नावाचे मोटार-मिस्त्री, विल्यम लॅशली आणि एक मदतनीस. या चौघांनी तेव्हापासून घसरगाडी खांद्याला पट्टे लावून माणसाच्या बळावर ओढली.

यातला लॅशली हा जहाजाच्या बॉयलरवरचा आगवाला. भुसावळच्या रेल्वेत ज्यांची हयात गेली त्यांना आगवाला म्हणजे काय हे सांगायला नको. फेब्रुवारी १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर इव्हान्स यांना स्कर्व्ही झाला, पाय टेकेनात. लॅशली आणि टॉम क्रीन या दोन खलाशांनी आपल्या साहेबाला घसरगाडीवर बांधून ओढत आणले. शेवटी तेही थकले, तेव्हा क्रीन एकटा सुमारे पस्तीस मैल चालून मदत आणायला गेला आणि लॅशली तंबूत रोग्याची शुश्रूषा करीत बसला. इव्हान्स वाचले, पुढे ॲडमिरल झाले, लॉर्ड झाले. त्या दोघांना शौर्याचे पदक मिळाले हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. परंतु मला राहून राहून वाटते की ज्याने इंजिनिअरला हुद्द्यापायी दूर ठेवले, त्याचा जीव अखेर एका आगवाल्याने राखला. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला म्हटले असते, बाबा, फार जुळवून आणलेस.

सेहेचाळीस वर्षांनी त्याच बर्फावर दुसरा प्रयोग झाला, आणि तो आपल्या शेतकऱ्यांना अधिक जवळचा वाटेल. एव्हरेस्ट चढून आलेले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरवर बसून. शिवारात आपण मॅसी म्हणून ज्याला ओळखतो त्याच घराण्यातला हा थोरला, अठ्ठावीसेक अश्वशक्तीचा, साधा पेट्रोलवर चालणारा शेतीचा ट्रॅक्टर. यंत्र स्कॉट यांच्या गाड्यांहून काही दैवी नव्हते. मग फरक कशात पडला? हिलरींच्या टोळीत मरे एलिस आणि जिम बेट्स हे दोन यंत्र जाणणारे गडी होते, आणि ते शेवटपर्यंत गाडीवर होते. अंधाऱ्या हिवाळ्याचे महिनेच्या महिने तळावर राहून त्यांनी ट्रॅक्टरची तयारी केली. पुढच्या आणि मागच्या चाकांवरून एकच अखंड पट्टा बसवला, वाऱ्याच्या आडोशासाठी डोक्यावर टप बांधले, आणि बर्फातल्या दडलेल्या भेगांत एक गडप झाला तर दुसऱ्याने धरून ठेवावा म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधले. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला आपण दोर बांधतो, तीच बुद्धी. ध्रुवावर पोहोचले तेव्हा जवळ जेमतेम वीस गॅलन पेट्रोल उरले होते. स्कॉट यांच्यानंतर जमिनीवरून ध्रुव गाठणारी ही पहिलीच टोळी, आणि मोटारीने गाठणारी तर सर्वांत पहिली.

आता आपल्या देशाकडे वळू. खऱ्या अर्थाने फोर-व्हील गाडी जगभर नेली ती दुसऱ्या महायुद्धाने. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या गाडीची मागणी काढली आणि नमुना तयार करायला एकूणपन्नास दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या लहानशा कारखान्याने तो मुदतीत उभा केला. पुढे मोठे काम मात्र विलिस आणि फोर्ड या मोठ्या घरांना मिळाले. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या. बँटमच्या वाट्याला मुख्यतः गाडीमागे जोडायचे ट्रेलर आले. छोट्या कारखान्याने नमुना करायचा आणि मोठ्याने ठेका घ्यायचा, ही रीत आपल्याच औद्योगिक वसाहतींत आहे असे नव्हे.

युद्धानंतर जीप मुंबईला आली. १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी गुलाम महंमद यांच्या भागीदारीत 'महिंद्र अँड महंमद' ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचे नाव बदलले. विलिसच्या जीपांचे सुटे भाग खोक्यांतून बोटीने यायचे आणि माझगावला कामगार ते जोडायचे. ज्या माणसाने जन्मात बर्फ पाहिला नाही त्याने माझगावच्या घामट हवेत गाडीचा एकेक बोल्ट आवळायचा, आणि ती गाडी बर्फात चालायची. आज त्याच घराण्याच्या गाड्या आपल्या शेजारच्या नाशकात तयार होतात, आणि तिथे खानदेशची कितीतरी पोरे कामाला आहेत.

१९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत गाडी आणि बर्फ यांची गाठ पडली. श्रीनगरहून लेहला जायचे तर वाटेत झोजीला ही साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. फेब्रुवारी-मार्च १९४८ मध्ये मेजर पृथीचंद आणि त्यांचे मूठभर डोग्रा जवान ही खिंड पायी ओलांडून, बर्फ तुडवीत लेहला पोहोचले होते. गाडीचा प्रश्नच नव्हता. वाट खेचरांची होती. पुढे खिंड शत्रूच्या हाती गेली. शरद ऋतूत ती परत घेण्याचे पहिले प्रयत्न फसले, तेव्हा जनरल थिमय्या यांनी तिथे रणगाडे न्यायचे ठरवले.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी, बर्फ पडत असताना, सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजीलावर चढले. एवढ्या उंचीवर रणगाडा कोणी नेलेला नव्हता. वरच्या मोर्चांतल्या लोकांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. महिना संपण्याच्या आत द्रास आणि कारगिल घेतले गेले आणि लेहची वाट मोकळी झाली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथून सुरू होते. मला ती महिनाभर आधीपासून सांगावीशी वाटते. जम्मूहून श्रीनगरकडे येताना वाटेतले पूल रणगाड्यांचे ओझे पेलणारे नव्हते, आणि बातमीही फुटू द्यायची नव्हती. म्हणून रणगाड्यांचे तोफघुमट उतरवून ठेवले, धडे झाकून आणली, आणि पुढे घुमट पुन्हा बसवले. हे कोणी केले? फिटरांनी आणि कारागिरांनी. बालतालपासून खिंडीपर्यंतची खेचरांची वाट मेजर थंगराजू यांच्या मद्रास सॅपर्सनी फोडून, रुंद करून जीप जाईल अशी केली. तीही शत्रूच्या माऱ्याखाली. तामिळ मुलखातली ही माणसे. बर्फाशी त्यांचे नाते आपल्याइतकेच. पहार आणि सुरुंग घेऊन त्यांनी वाट केली, तेव्हा रणगाड्याला चढायला पायरी मिळाली.

याच लढाईच्या काळात लंडनमध्ये जीपांचा दुसरा एक व्यवहार चालला होता. तिथले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी १९४८ मध्ये दोन हजार जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार केला. मार्च १९४९ मध्ये त्यातल्या १५५ मद्रास बंदरात उतरल्या आणि लष्कराने त्या निकामी ठरवल्या. संसदेत गदारोळ झाला. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटले असे जाहीर केले. जो माणूस गाडीखाली निजतो त्याला विकत घेण्यापूर्वी एकदा गाडी दाखवली असती, तर त्याने झाकण उघडून दहा मिनिटांत निकाल दिला असता. परंतु खरेदीच्या बैठकीत मिस्त्रीला खुर्ची नसते.

मेनन १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणात आपल्या जवानांना कोणत्या कपड्यांनिशी आणि कोणत्या रस्त्यांवरून पुढे जावे लागले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून इतके वापरले की ते झिजून गुळगुळीत झाले. खरी मदत कशी गेली ते पाहावे. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली होती. तिच्या लोकांनी श्रीनगर-लेह रस्ता त्या दशकाच्या आरंभी मोटारीसाठी खुला केला. जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत जर्मन नमुन्यावरून शक्तिमान ट्रक आणि जपानी निसानवरून जोंगा गाडी होऊ लागली. ही दोन्ही वाहने चारही चाकांवर ओढणारी. शक्तिमानचे उत्पादन १९९६ मध्ये आणि जोंगाचे १९९९ मध्ये थांबले. मधल्या काळात मारुतीची जिप्सी आली. पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही माजी सैनिकापुढे शक्तिमानचे नाव काढा. तो तासभर बोलतो, आणि त्यातला निम्मा वेळ सकाळी ती चालू करण्याविषयी असतो.

कारण बर्फातली खरी लढाई पहाटेची. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते. रात्रीत रेडिएटर फुटतो, इंजिनाला तडा जातो. जुन्या काळी ड्रायव्हर मुक्कामाला पोहोचला की आधी गाडीचे पाणी सोडून देई, मग स्वतःचा चहा करी, आणि पहाटे पाणी तापवून पुन्हा भरी. १९४१-४२ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मनांच्या मोटारींचे तेल डांबरासारखे घट्ट झाले, बॅटऱ्या मेल्या. त्याच थंडीत रशियन ड्रायव्हर इंजिनाच्या तेलात मापाने पेट्रोल मिसळून ते पातळ ठेवीत. ही विद्या त्यांच्या गावातून आलेली होती. पुढे ग्लायकॉल आले. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल घातले म्हणजे उणे पस्तीस अंशांच्या आसपासपर्यंत ते गोठत नाही. आपल्याकडे कूलंट म्हणून जे हिरवे पाणी मिळते ते हेच. पण आपला माणूस इथे उन्हाळ्यात त्यात साधे पाणी ओतत राहतो, आणि तीच गाडी डिसेंबरात काश्मीरला घेऊन जातो.

डिझेलची गंमत वेगळी. त्यात मेण असते. थंडीत ते मेण आधी धुक्यासारखे दिसते, मग साखळते, आणि फिल्टर बुजतो. लडाखात ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत आले, टाकीखाली स्टोव्ह किंवा निखारे ठेवीत आले. यात किती गाड्या जळल्या असतील ते सांगता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले. स्वातंत्र्यानंतर बहात्तर वर्षांनी.

बॅटरीचेही तसेच. उणे अठरा अंशांवर तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन फिरवायला दुप्पट ताकद लागते. म्हणून जाणता ड्रायव्हर रात्री बॅटरी काढून आपल्या अंथरुणाशेजारी ठेवतो. हँडब्रेक ओढून गाडी उभी करीत नाही, कारण ओल्या ब्रेकचे लायनर रात्रीत ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवतो आणि चाकामागे दगड लावतो. डिझेलची टाकी भरलेली ठेवतो, रिकाम्या जागेत दव धरू नये म्हणून. आणि ट्रकच्या ब्रेकची जी हवेची टाकी, तिच्यातले पाणी रोज सोडतो. धुळ्याच्या ड्रायव्हरांना हे काम ठाऊक आहे. इथे ते विसरले तर ब्रेक जरा सुस्त होतो, तिथे विसरले तर नळीत बर्फ धरतो आणि उतारावर पायाखाली काहीच उरत नाही.

साखळ्यांविषयी एकच सांगतो. त्या फसल्यावर चढवायच्या नसतात, बर्फ सुरू होण्याआधी सपाट जागी चढवायच्या असतात. फोर-व्हील गाडीला शक्य तर चारही चाकांना. फर्लांगभर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायच्या, कारण त्या सैल पडतात आणि सैल साखळी ब्रेकची नळी तोडते. वेग चाळीसच्या आत. काळा रस्ता लागला की काढायच्या. सांगायला हे अर्धे मिनिट लागते. उणे दहा अंशांत, हातमोजे काढून, गाडीखाली पाठ टेकून एकेक कडी बसवायला दीड तास लागतो. आणि हे काम गाडीचा मालक करीत नाही, क्लीनर करतो. गुलमर्गला जाणारे प्रवासी टंगमर्गला थांबतात, तिथे गावातली पोरे भाड्याने साखळ्या चढवून देतात. फोटो वर, गुलमर्गला निघतात.

गाडी तयार झाली तरी रस्ता तयार हवा. पूर्वी झोजीला हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२३ मध्ये ती अडुसष्ट दिवसांत उघडली आणि २०२५ मध्ये बत्तीस दिवसांत. हा पराक्रम खरा आहे. यंत्रे आहेत, बर्फ उडवणारे कटर आहेत, आणि त्यांच्या मागेपुढे फावडी घेतलेली माणसे आहेत. सीमाभागातल्या रस्त्यांवर राबणाऱ्या या मजुरांत झारखंडच्या दुमका भागातले संथाळ आदिवासी फार. ते 'मेट' नावाच्या मध्यस्थामार्फत जात. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम असतो आणि उचल असते; नाव वेगळे, जात एकच. जून २०२० मध्ये दुमक्याहून सोळाशेच्या आसपास मजुरांना घेऊन लडाखसाठी खास रेल्वेगाडी सुटली, मुख्यमंत्री हेमंत सोरेन निरोपाला आले. तेव्हा झारखंड सरकारने मागणी धरली ती हीच की मेट मध्ये नको, मजुरी थेट मजुराच्या बँक खात्यात जावी.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ हिमकडा कोसळला. सीमा रस्ते संघटनेच्या कामावर ठेकेदाराने आणलेले मजूर लोखंडी पेट्यांच्या घरांत राहत होते, माणा खिंडीकडचा रस्ता बर्फातून मोकळा ठेवणे हे त्यांचे काम. ते गाडले गेले. लष्कराने आणि इतरांनी जिवाची बाजी लावून शेहेचाळीस जणांना वाचवले, आठ गेले. परंतु त्या दोन-तीन दिवसांतल्या बातम्या पाहा. आधी सत्तावन्न माणसे अडकली म्हणून सांगितले, मग पंचावन्न, शेवटी चौपन्न. एक जण कोणाला न सांगता आधीच घरी गेला होता, तो घरी सापडला तेव्हा आकडा पक्का झाला. रस्त्यावर कटर किती, डंपर किती, डिझेल किती लिटर, याचा हिशेब ठेकेदाराच्या वहीत त्या सकाळी बरोबर असणार यात मला शंका नाही.

आता बोगदे होत आहेत. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. सोनमर्गचा १३ जानेवारी २०२५ रोजी. त्याच्या उद्घाटनाच्या तीन महिने आधी, २० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, गगनगीरच्या छावणीवर दहशतवाद्यांनी गोळीबार करून सहा कामगार आणि एक डॉक्टर मारले होते. झोजीलाच्या पोटातून तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचे काम चालू आहे. तो झाला म्हणजे थंगराजूंच्या सॅपर्सनी रुंद केलेल्या त्या वाटेवरची रहदारी डोंगराखालून जाईल. तोवर सोनमर्गच्या पुढे चौकीवर शिपाई गाडी अडवतो, साखळ्या आहेत का विचारतो, आणि क्लीनर खाली उतरून सीटमागचे गोणपाट बर्फावर अंथरतो.